नवमीचं पाणी

मु. खारवेळी, ता. पेण
१६ नोव्हेंबर २०२५, कार्तिक वद्य द्वादशी

चि. अनिता हिला आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे बाजूला टाकशील, असं धरूनच लिहायला बसलोय. माझा फोन तू सहा वर्षं उचललेला नाहीस. आता मीही करत नाही, उगाच घंटी वाजून वाजून बंद पडते आणि मग त्या बाईचं इंग्रजी ऐकावं लागतं. पत्राचं बरं असतं. फेकायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावं लागतं.

बातमी चांगली आहे म्हणून कळवतो. गावानं माझा सत्कार ठरवलाय. २१ डिसेंबरला, रविवारी, बांधावरच मांडव घालून. चाळीस वर्षं उघाडी, म्हणजे बांधातलं भरतीचं दार, सांभाळली म्हणून. अमोल आता सरपंच आहे. नाथाचा अमोल, तुझ्याच वर्गात होता, पाढे म्हणताना नाक ओढायचा तो. परवा घरी येऊन म्हणाला, "काका, चाळीस वर्षांत एक भरती चुकवली नाय तुमी. आशी ड्युटी कंपनीत तरी कोन करतो?" मी आपलं, अरे त्यात काय, असं म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

माझ्यानंतर उघाडी मैनेकडे जाणार. मैना म्हणजे माझ्या बांधावरच्या सोबत्याची, जनूची सून. जनू गेला त्याला चार वर्षं झाली. बाईमाणसाकडे उघाडी म्हणून दोनचार जणांनी तोंडं वाकडी केली, पण मी म्हटलं, चिखलात कंबरेपर्यंत उतरायला तुमच्यापैकी कोण येतो ते सांगा. रोज तिला बरोबर नेतो. तिला शिकवताना मलाच नव्यानं कळतंय की मी आयुष्यभर केलं काय. एका दाराची राखण केली. खाडीचं पाणी चढायला लागलं की दार आपोआप मिटतं, उतरलं की शेतातलं पाणी ते उघडून बाहेर जातं. इतकं साधं. पण मध्ये एक काटकी जरी अडकली, कुणी फेकलेली बाटली अडकली, तर झडप फटीएवढी उघडी राहते आणि त्या फटीतून तीनशे एकरांत खारं पाणी शिरतं. मग तीन वर्षं भात विसरा. म्हणून प्रत्येक भरतीला माणूस लागतो. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला तर पाणी फिरेपर्यंत बसूनच राहावं लागतं, बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली असतील तर चिखलानं बुजवावी लागतात. तुला हे सगळं पाठ आहे. लहानपणी माझ्या पाठोपाठ यायचीस, हातात चिखलाचा गोळा धरून.

अमोल म्हणत होता, अनिताताईला बोलावू, तिनं चार शब्द बोलावेत. मी म्हटलं, ती यायची नाही. तरी त्यानं तुझा नंबर घेतलाय.

पत्रिकेवर त्यानं एक ओळ घातलीय. "पत्नीच्या अखेरच्या क्षणीही ज्यांनी उघाडी सोडली नाही." मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणतो, "काका, ह्येच तर खरं हाय." मी पत्रिका घडी करून त्याला परत दिली.

प्रविणरावांना नमस्कार. पूजाला पापा.

तुझे बाबा

२५ नोव्हेंबर २०२५, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. अनिता,

अमोल सायकल टाकून धावत आला. मला वाटलं बांध फुटला. तर म्हणाला, "ताई येतेय! बोलनार पन हाय!"

खाली बसलो मी. ओट्यावरच. अमोलनं पाणी आणून दिलं. सहा वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली गोष्ट आहे. ती माझ्याकडे आलेली नाही, सरपंचाकडे आलीय, पण आमच्याच ओट्यावर आली.

तू काय काय बोललीस ते सगळं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तू म्हणालीस, "आईच्या वेळी बाबा आले नाहीत हे मी विसरणार नाही, पण आता मी स्वतः शिफ्ट इनचार्ज आहे, माझ्यावर बावीस माणसं आहेत, तर आता मला समजतं. त्यांच्यापुढे अख्खं गाव होतं. उधाण होतं. माणूस जागा सोडून जाऊ शकत नाही." आणि पूजाचा पाय मोडला, रोह्याच्या दवाखान्यात प्लास्टर घालत होते, तेव्हा प्रविणरावांना पुढे पाठवून तू शिफ्ट संपवूनच गेलीस, हेही त्याला सांगितलंस. वर म्हणालीस, "शेवटी मी त्यांचीच मुलगी."

अमोलला हे फार आवडलं. तो म्हणाला हेच भाषणात बोला. बाई, मला ते ऐकून कसंतरी झालं. पूजा केवढी आहे? नऊ वर्षांची ना? प्लास्टर घालताना पोर कुणाला हाक मारत होती?

असो. तू येतेस, मला आणखी काय हवं? शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, दोन दिवस आधी सांगा, घर सारवून देते. तुझी खोली मी रिकामी केलीय. त्यात जाळी-टोपल्या भरल्या होत्या. कोपऱ्यात तुझ्या आईची सुपली सापडली, ती तिथंच ठेवली.

एक सांगू का? तुला हसू येईल. तुझी आई अजून विचारते. मी बांधावरून आलो की ती चुलीपाशी बसल्या जागेवरून विचारायची ना, "पानी कुठवर आलं?" रोज. दोनदा. लग्न झाल्यापासून. मी आत पाय टाकला की अजून ऐकू येतं. इतर दिवशी मी उत्तर देतो, दुसऱ्या पायरीपर्यंत, तिसऱ्या पायरीपर्यंत, आणि मग हातपाय धुतो. पण पंधरवड्यातून एक दिवस असा येतो की ती घरात नसते, बांधावर असते. उघाडीच्या दगडावर, माझ्याकडे पाठ करून. त्या दिवशी मी उत्तर देऊ शकत नाही.

म्हातारपण आहे. मनावर घेऊ नकोस. येताना गरम कपडे आण पूजासाठी, बांधावर वारं झोंबतं.

तुझे बाबा

२९ नोव्हेंबर २०२५

अनिता,

मैनेला आज घालवून दिली. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. रागाच्या भरात बोललो, संध्याकाळी जाऊन माफी मागून आलो. तुला हे का लिहितोय कळत नाही. पत्र पाठवतो की नाही तेही माहीत नाही.

झालं काय, मी तिला भरतीचा हिशेब शिकवत होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, माझ्या बापानं मला तसंच शिकवलं. मी विचारायचो, ती सांगायची. चतुर्थी? "तीन वाजता." अष्टमी? "सहाला." पोरगी हुशार आहे, बोटं मोडावी लागत नाहीत तिला. मग आजची विचारली. आज नवमी.

"पावनेसातला," ती म्हणाली. "आनि नवमीला भांगाचं पानी. कमी. झडपीला नीट टेकत बी नाय." अगदी बरोबर. आम्ही बसलो होतो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि समोर खाडीत नुसता चिखल उघडा पडला होता, बगळे चालत होते.

मग ती म्हणाली, "काका, काकीचं पान तुमी दर सालाला नवमीलाच वाढता ना?"

मी म्हटलं, हो.

"आनि अनिताचा फोन आला तवा सकालचे दहा वाजलेले. तुमी म्हनला, उधान हाय, येता येत नाय. सगलं गाव सांगतं." तिनं चिखलाकडे बघितलं. "काका, नवमीला दहा वाजता उधान कुठनं येल?"

तिला काही म्हणायचं नव्हतं गो. हिशेब चुकला का, एवढंच तिला बघायचं होतं. मी उठलो आणि नको ते बोललो. संध्याकाळी गेलो तर ती भांडी घासत होती, वर न बघता म्हणाली, "काका, मी कोनाला सांगायची नाय. आमचा म्हातारा बी सांगून नाय गेला."

जनूला माहीत होतं म्हणजे. तुझ्या आईच्या दहाव्याला तो माझ्या शेजारी बसला होता. सगळे गेल्यावर त्यानं विचारलं होतं, "कमळ्या, पानी कुठं होतं रं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढे दोन वर्षं रोज भेटायचा, तंबाखू द्यायचा, कधी विषय काढला नाही. सुनेपाशी मात्र काहीतरी बोलला असणार.

आज थांबतो.

७ डिसेंबर २०२५, मार्गशीर्ष वद्य तृतीया

अनिता,

मागचं पत्र मी टाकलं नव्हतं. आता दोन्ही एकाच पाकिटात घालतोय. पुनवेचं उधाण काल उतरलं. चार दिवस मैना आणि मी बांधावर होतो, जेवण तिकडेच आणलं. आता हात मोकळे आहेत आणि कारण उरलेलं नाही.

आधी हे वाच आणि मग २१ तारखेला यायचं की नाही ते ठरव. मी काही न बोलता बसलो असतो तर तू येणार होतीस. मांडवात माझ्याबद्दल बोलणार होतीस. मग घरी जेवणार होतीस, तुझ्या खोलीत झोपणार होतीस. हे सगळं माझ्या हातात होतं आणि मैना गप्प राहणार होती. आठवडाभर मी तोच विचार केला, की गप्प राहावं. पण तू जे समजून घेतलंस ते घडलेलंच नाही. आणि त्या न घडलेल्या गोष्टीवर तू तुझ्या पोरीला प्लास्टरच्या टेबलावर ठेवून शिफ्ट पुरी केलीस.

त्या दिवशी उधाण नव्हतं. २२ ऑक्टोबर २०१९, आश्विन वद्य नवमी. भांगाचं पाणी, तेही सकाळीच येऊन गेलेलं. तुझा फोन आला तेव्हा मी ज्याची राखण करत बसलो होतो तो चिखल होता. उघाडीवर त्या दिवशी कुत्रं बसवलं असतं तरी चाललं असतं.

उधाण आलं ते पुढच्या आठवड्यात, ऐन दिवाळीत. ते खरं होतं. शेजारच्या खारजमिनीत बांधाला खांड पडली, त्यांचं उभं भात गेलं. आपल्या बांधाला खेकड्याच्या बिळातून पाणी लागलं होतं, मी सुतकातला माणूस, आठव्या दिवशी पेंढा आणि गोणी घेऊन पाण्यात उतरलो, मग बाकीचे उतरले. बांध राहिला. लोकांनी ते बघितलं. आणि दहनाच्या वेळी तू ओरडून म्हणाली होतीस, "त्यांना उधाण होतं! उधाण होतं म्हणून आले नाहीत!" तेही लोकांनी ऐकलं. वर्षा-दोन वर्षांत लोकांच्या डोक्यात दोन्ही आठवडे एक झाले. मी कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणाला अडवलंही नाही. मी खोटं बोललो ते एकदाच आणि तुझ्यापाशी. एकच शब्द. बाकीचं गावानं केलं.

आता का गेलो नाही ते.

त्या कोजागिरीला दुपारचं पाणी उतरल्यावर मी रोह्याला आलो होतो, आठवतं? तू सेकंड शिफ्टला गेली होतीस. प्रविणराव पूजाला घेऊन खाली गेले होते. ठमानं, तुझ्या आईनं, माझा हात धरला. हात कसला, काड्या राहिल्या होत्या. तोंडावर सूज, आवाज निघत नव्हता. तुझ्याकडे राहून डायलिसिसचं मशीन लावून लावून तिची पार दशा झाली होती. म्हणाली, "मना घरी न्या. मना हितं नाय मरायचं." मी म्हटलं, असं बोलू नये. ती म्हणाली, "आज पुनव. आता उधान. तुमाला जमायचं नाय. नवमीला भांग हाय. नवमीला न्या." बिछान्यात पडून पडून ती तिथी मोजत होती. मी म्हटलं, नवमीला गाडी करून येतो, नऊच्या आत येतो. ती हसली. म्हणाली, "पिशवी भरून ठेवते."

तुला हे माहीत नाही. तू दहनानंतर विमलबाईंना सांगत होतीस, आईला शेवटी भ्रम झाला होता, सकाळपासून पिशवी भर म्हणत होती, दोन लुगडी, फणी, चष्मा, सगळं भरायला लावलं, कुठं जायचंय विचारलं तर नुसती दाराकडे बघायची. मी पलीकडे बसून ऐकत होतो. भ्रम नव्हता, अनिता. ती माझी वाट बघत होती.

मी निघालो होतो. हे तरी खरं मान. सकाळी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, वडखळ नाक्यावर गेलो. तिथं मोटारवाला ठरवलेला होता. तो म्हणाला, चला. मी म्हटलं, जरा थांब, चहा घेतो. चहा घेतला. मग म्हटलं, पान खातो. तो बिचारा हॉर्न वाजवत राहिला. माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, की मी तिला या घरात आणली, चुलीशेजारी निजवली, आणि ती माझ्या हातात गेली. मला ते जमणार नव्हतं. पाण्यात कंबरेपर्यंत उभा राहतो म्हणून लोक मला छातीचा समजतात. पाण्याचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. मरणाऱ्या माणसाशेजारी बसून काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी घाबरलो. मोटारवाल्याला म्हटलं, आज रद्द, उघाडीवर काम निघालं. तो गडब गावाकडे निघून गेला आणि मी चालत बांधावर आलो. दगडावर बसलो. अर्ध्या तासानं तुझा फोन. "बाबा, लवकर या, आई तुमचं नाव घेतेय."

आणि मी म्हटलं, उधाण आहे.

दिवसभर तिथंच बसलो. चार वाजता प्रविणरावांचा फोन आला, ती गेली म्हणून. तरी उठलो नाही. साडेपाचला पाणी हळूहळू चढायला लागलं, झडपीला लागलं, तेव्हा कुठं मला तिथं बसायला कारण मिळालं.

चाळीस वर्षांत एक भरती चुकवली नाही, हे खरं आहे. पण त्यातल्या किती भरतींना मी कामाला गेलो आणि किती वेळा घरातून पळालो, ते मलाच सांगता येणार नाही. तुझ्या बारशाच्या दिवशीही मी बांधावर होतो. तेव्हा तरी पाणी होतं का, ते मी कॅलेंडरात बघायचं टाळलंय.

एकच विचारायचं आहे. त्यासाठी हे सगळं लिहिलं म्हण. माझा फोन ठेवल्यावर तू आत गेलीस आणि तिला सांगितलंस की बाबांना येता येत नाही, उधाण आहे. तुझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, कंपनीच्या तारखा आणि वारांत राहून तुला तिथीचं भानही नव्हतं. पण ठमा खाडीची होती. दिवस मोजून पिशवी भरून बसली होती. तू "उधाण" म्हणालीस तेव्हा ती काय म्हणाली?

नवमीला बांधावर बसते ती हेच विचारायला. पाठमोरी असते. तिथं पाणीच नसतं आणि ती विचारते, "पानी कुठवर आलं?" मी काय सांगू?

कमळाकर

१८ डिसेंबर २०२५, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी

अनिता,

तुझं पाकीट आज आलं. पोस्टमननं हातात दिलं, म्हणाला, रोह्याचा शिक्का आहे. पातळ आहे. उजेडाला धरलं तर चारपाच ओळी दिसतात. फोडलेलं नाही.

उद्या अमावास्या. उद्यापासून उधाण. हे खरंच आहे, कॅलेंडर काढून बघ. पाणी उतरलं की फोडतो असं मनात आलं होतं. मग माझंच मला कळलं की मी पुन्हा तेच करतोय. हे लिहून झालं की फोडणार आहे, मैनेच्या समोर, म्हणजे उठून जाता येणार नाही.

२७ डिसेंबर २०२५, पौष शुद्ध सप्तमी

चि. अनिता,

तुझं पत्र आता पाठ झालंय. एवढंच होतं:

"बाबा, मी समारंभाला येणार नाही. आईला मी उधाणाचं सांगितलं तेव्हा तिनं मला तिथी विचारली. मला वाटलं बरळतेय. कॅलेंडर बघून मी नवमी म्हणाले. तिनं दारावरची नजर काढून घेतली. मग म्हणाली, 'मी तिथी इचारली ते बाबांना सांगू नको गो.' मी सांगितलं नाही. का सांगू नको म्हणाली ते मला सहा वर्षं कळलं नव्हतं. पिशवी माझ्या कपाटात आहे. तिनं मारलेली गाठ मी सोडलेली नाही."

मी वाचलं तेव्हा मैना समोर होती. तिनं विचारलं, काय लिवलंय? मी तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसली. मी रडलो. मोठ्यानं रडलो, आजूबाजूची माणसं आली. ठमा गेली तेव्हा असा रडलो नव्हतो, तेव्हा लोक म्हणाले होते, बघा केवढा धीराचा माणूस.

तिला कळलं होतं. मी खोटा आहे हे कळूनही तिनं शेवटी काय केलं, तर माझी लाज झाकली. तुझ्यापासून झाकली.

त्याच दिवशी अमोलकडे गेलो. सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "काका, पत्रिका वाटून झाल्या," म्हणाला. मी म्हटलं, मांडव घाल, मैनेला शाल दे, उघाडी तिच्या ताब्यात दे, मला बोलायला दोन मिनिटं दे. रविवारी बोललो. दोन मिनिटांपेक्षा कमी लागली. तारीख सांगितली, तिथी सांगितली. खाडीकाठची माणसं ती, तिथी सांगितल्यावर आणखी काही सांगावं लागलं नाही. एक बाई उठून गेली, तुझ्या आईची मैत्रीण होती. नाथा म्हणाला, "जाऊ द्या आता, जुनं झालं." पण माझ्या जवळून जाताना त्यानं नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला नाही. ते बरोबरच आहे.

त्या दिवशीचं उधाण मैनेनं एकटीनं सांभाळलं. मी लांबून बघत होतो. झडपीत एक फांदी अडकली होती, मैना उतरली, फांदी काढली, वर आली, पुन्हा बसली. पाणी फिरेपर्यंत हलली नाही. मला तिला काही शिकवायचं राहिलेलं नाही. फक्त निघताना एवढं म्हटलं, "बाई, पाणी नसेल त्या दिवशी घरी बसायचं. घरात काहीही असो, घरी बसायचं."

तू शिफ्ट इनचार्ज आहेस. बावीस माणसं आहेत. जागा सोडू नये हे खरंच आहे, मी त्याला खोटं म्हणत नाही. पण पूजाचं प्लास्टर काढायचा दिवस येईल. त्या दिवशी कंपनीत खरंच तुझ्यावाचून अडतंय का, ते तू स्वतःला विचार. माझ्यासारखं सांगू नकोस.

सोमवारी नवमी आहे. भांग. उघाडीवर कुणाचं काम नाही, माझं तर आता कधीच नाही. वडखळहून सकाळची रोह्याची गाडी आहे, मी चहाला थांबणार नाही. नऊच्या आत तुझ्या दारात असेन. आत बोलावू नकोस, बोलू नकोस, हवं तर दार प्रविणरावांनी उघडावं. पिशवी तेवढी दे. गाठ तशीच असू दे. मी तिला घरी न्यायला येतोय.

बाबा